बोंबलांच्या वलांडीची लेखी चौकशी

झरी नाका, तालुका तलासरी
शनिवार, २९ नोव्हेंबर २०२५

चि. रिया,

तुझी स्कूटर काल दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी नविनच्या मासळीच्या टेम्पोतून माझ्या दुकानात पोचली. पुढच्या चाकात अडकून एकूण अकरा बोंबील आले. त्यातले नऊ सुके, दोन अर्धवट ओले. सुतळी साडेतीन मीटर. बांबूची चिपाटी एक. आणि हेडलाइटच्या आत, जिथे पावसाचं पाणीही शिरू नये म्हणून मी स्वतः रबर बसवलं होतं, तिथे बोंबलाची एक शेपटी. ती कशी शिरली हे मला अजून समजलेलं नाही आणि समजल्याशिवाय मी ते रबर बदलणार नाही.

ही स्कूटर मी दोन महिने खपून भंगारातून उभी केली, हे तुला माहीत आहे. मी आठवीनंतर शाळेत गेलो नाही, हेही सगळ्या वरोरला माहीत आहे. पण पाण्याची मोटर, ट्रॅक्टरचा डायनामो आणि स्कूटर यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. मी उघडून बघितलं. तेव्हा ब्रेक लागला नाही असं मला सांगू नकोस. ब्रेक मी तपासला, उत्तम लागतो. तो लावला गेला नाही.

तुझ्या आईने फोनवर सांगितलं की कुत्रं आडवं आलं. मागून तू ओरडलीस, कोंबडी. मग ताई म्हणाली, हो, कोंबडीच, कुत्र्यासारखी मोठी. फोनवर तुम्ही मायलेकी एकमेकींच्या तोंडात शब्द घालता. म्हणून ही चौकशी लेखी होईल. कागदावर माणूस आपापलं लिहितो आणि खोडलेलंही दिसतं. पत्रं नविनच्या टेम्पोने पाठवायची, तो दिवसाआड तलासरीला मासळी घेऊन येतोच.

पंधरा डिसेंबरला सकाळी आठला डहाणूच्या दवाखान्यात तुझं नर्सिंगचं प्रशिक्षण सुरू होतंय. पहिल्या दिवशी जी मुलगी वेळेत येणार नाही तिची जागा यादीतल्या पुढच्या नावाला जाणार, हे मी विसरलेलो नाही. स्कूटर मंगळवारपर्यंत दुरुस्त होईल. पण दुरुस्त होणं निराळं आणि तुझ्या हातात येणं निराळं. अपघात साडेनऊला झाला असं ताई म्हणते. त्याच सकाळी मी तुझ्याशी उजव्या आरशाबद्दल बोललो होतो, आणि दोन तासांत ही कथा.

प्रश्न एकच आहे. त्या वेळी तुझं लक्ष कुठे होतं?

तुझा मामा,
दौलत

ता. क. अकरातल्या दहा बोंबलांची तुझ्या मामीने चटणी केली. एक पुरावा म्हणून ठेवला आहे.


वरोर
सोमवार, १ डिसेंबर

मामा, नमस्कार.

माझं कोपर बरं आहे. तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगते. गुडघ्यावरची खपली आजच निघाली. आईला काही झालं नाही. ती टोपलीसकट वाळूत बसली. पडली असं म्हणू देत नाही, बसलीच म्हणायचं.

झालं ते असं. मी अठरा पूर्ण केली, लायसन्स मिळून एकोणीस दिवस झाले होते, हेल्मेट होतं, वेग वीस-बावीसच्या वर नव्हता. आईला चिंचणीच्या बाजाराला सोडायचं होतं. ती मागे, मांडीवर टोपली. किनाऱ्याच्या वळणावर कोंबडी आली आणि मी दक्षाकाकीच्या बोंबील वाळवायच्या वलांडीत घुसले. पहिली आडवी बांबू-दांडी डोक्यावरून गेली, दुसरी हेडलाइटला लागली, आणि मग सगळे टांगलेले बोंबील एकदम आमच्या अंगावर आले. आईच्या अंबाड्यातून संध्याकाळपर्यंत निघत होते.

दक्षाकाकी रागावली नाही. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ती भगदाड दाखवते. आता गावात पत्ता सांगतानासुद्धा म्हणतात, रियाच्या भगदाडापासून उजवीकडे वळा. बाबा बोटीवर आहेत, ते आल्यावर त्यांनाही असाच पत्ता कळणार आहे.

आईला कुत्रं दिसलं असेल तर ते कोंबडीच्या मागे असेल. माझं लक्ष रस्त्यावर होतं.

पंधरा तारखेला चौदा दिवस राहिले. मामा, स्कूटर द्या ना.

तुमची
रिया


झरी नाका
बुधवार, ३ डिसेंबर

चि. रिया,

तुझं पत्र तीनदा वाचलं. वास बोंबलाचा, पण अक्षर चांगलं.

मुद्दा पहिला. वलांडीखाली कावळे असतात, मांजरं असतात. कोंबडीला त्या गर्दीत कुणी उभं राहू देत नाही. माझं लहानपण त्याच वाळूत गेलं आहे. कोंबडी रद्द.

मुद्दा दुसरा. नविन म्हणाला, तुझ्या फोनची काच फुटली. तू तर उजव्या कोपरावर पडलीस आणि तुझ्या सगळ्या कुडत्यांना खिसा डावीकडे, तुझी मामीच शिवते. म्हणजे फोन खिशात नव्हता. मग कुठे होता?

मला तुम्हा मुलांचं हे कळत नाही म्हणून मी काल स्वतः पाहणी केली. सकाळी सात ते साडेसात दुकानाच्या ओट्यावर स्टूल टाकून बसलो. विशीच्या आतली एक्केचाळीस मुलं-मुली दुचाकीवरून गेली. सतरा जणांचं फोनशी काही ना काही चालू होतं. नऊ जणांनी तो मान वाकडी करून खांद्यात दाबला होता. या नऊ जणांची मान अशीच राहिली तर लग्नात हार घालताना पंचाईत आहे. पाच जणांच्या हातात होता. एका मुलीने ओढणीत गुंडाळून कानाला बांधला होता. आणि दोन ठिकाणी मागे बसलेल्याने पुढच्याच्या कानाला धरला होता, जणू पुढच्याला दाढदुखी आहे.

आमच्या शेजारच्या लक्ष्याचा मनिष मान वाकडी करून आला तो सरळ माझ्या ओट्यावर. 'पाण्याच्या मोटारी भरून मिळतील' या माझ्या पाटीला त्याने डोकं टेकलं तेव्हा थांबला. मी विचारलं, एवढं कुणाशी बोलत होतास? तर त्याच्या आईशी. निर्मलावहिनी बाजूच्याच दुकानात उभी होती. ती फोनवर त्याला सांगत होती की नीट ये, घाई करू नकोस.

हसू नकोस. पस्तीसच्या वेगाने गाडी दोन सेकंदांत एकोणीस मीटर चव्वेचाळीस सेंटिमीटर जाते. हिशेब मी तीनदा केला. तेवढ्या अंतरात काय असेल ते कुणी सांगू शकत नाही. मनिषच्या वाटेत माझी पाटी होती म्हणून निभावलं.

स्कूटर काल सायंकाळी तयार झाली. शेपटी रबर काढताना आपोआप बाहेर आली. आता हो किंवा नाही एवढंच लिही. त्या वेळी फोन तुझ्या हातात होता का?

दौलतमामा


वरोर
शुक्रवार, ५ डिसेंबर

मामा, नमस्कार.

नाही.

फोन माझ्या हातात नव्हता. खांद्यात दाबलेला नव्हता, ओढणीत बांधलेला नव्हता. समुद्राची शपथ घेऊन लिहिते. कोंबडी मात्र मागे घेते.

काल मी तालीम म्हणून रिक्षाने डहाणूला जाऊन बघितलं. सव्वासहाला नाक्यावर उभी राहिले. रिक्षा भरल्याशिवाय हलत नाही आणि भरायला सात वाजून गेले. मग वाटेत एकीचा भाजीचा हारा चढवला, तो उतरवला, मग ड्रायव्हरने कुणाकडे तरी नारळ पोचवले. मी दवाखान्याच्या दारात पोचले तेव्हा आठ वाजून चाळीस मिनिटं. रखवालदाराने विचारलं, पेशंट कुठाय. मी म्हटलं, मीच.

मामा, यादीत माझ्या पुढचं नाव वाणगावच्या मुलीचं आहे आणि ती दवाखान्याच्या समोरच मावशीकडे राहते. ती चालत येईल.

दहा दिवस राहिले.

रिया


वरोर
शनिवार, ६ डिसेंबर

दौलत,

हे पत्र मी लिहिलंय हे पोरीला माहीत नाही. ती झोपलीय. दुपारची. हातात पेन धरायची सवय सुटलीय, तर अक्षराला हसू नकोस, तुला पहिलं ग म भ न मीच वाळूत काढून शिकवलंय. आठवत नसेल तर आठव.

कसली चौकशी लावलीस तू? पोरगी जेवत नाही. तुला कडेवर घेऊन मी सगळं वरोर फिरले, तेव्हा कुणी विचारलं नाही की बकुळा तुझं लक्ष कुठे होतं. एकदा तू विहिरीच्या कठड्यावरून पडलास तेव्हासुद्धा नाही.

मी तिच्या मागेच बसले होते. फोन तिच्या हातात नव्हता हे मी सांगते. मला माहीत नाही तर कुणाला माहीत? एका हाताने मी टोपली धरलेली. कुत्रंच होतं ते. पांढरं. आणि समजा आलाच फोन, तर फोन काय माणूस वाईटासाठी करतो? काळजी असते म्हणूनच करतो. आणि मान ठेवायचा असतो माणसाचा. मागाहून फोन करते म्हटलं की राग येतो काहींना.

जास्त लिहीत नाही. गाडी पाठवून दे. सुके बोंबील पाठवलेत, हे वलांडीवरचेच आहेत पण अपघातातले नाहीत.

ताई


झरी नाका
सोमवार, ८ डिसेंबर

चि. रिया,

हे पाकीट मी मोटारीच्या चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद केलं आहे. का ते पुढे कळेल.

तुझी आई लिहिते की तिने एका हाताने टोपली धरली होती. दुसऱ्या हाताचा उल्लेख नाही. माणसाला हात दोन असतात. तू लिहितेस की फोन तुझ्या हातात नव्हता, आणि तू खोटं बोलत नाहीस हे मी मानतो. कोंबडी सोडून. आता हे दोन कागद शेजारी ठेव. फोन ताईच्या दुसऱ्या हातात होता आणि तो हात तुझ्या कानाशी होता. माझ्या पाहणीतले ते दाढदुखीवाले दोघे मी उगाच हसण्यावारी नेले.

म्हणजे चालवणारी बोलत होती, बसलेली फोन धरून होती, आणि रस्त्याकडे बघायला कुत्र्याशिवाय कुणी नव्हतं. कुत्रंही नव्हतं.

इथवर मला कुणाची मदत लागली नाही. आता राहिलं एकच. पलीकडे कोण होतं?

बकुळाताई चालत्या गाडीवर ज्याचा फोन स्वतःच्या हाताने मुलीच्या कानाला लावते, तो ऐरागैरा असणार नाही. ती लिहिते, मान ठेवायचा असतो. काहींना राग येतो. घरात असा मान एक तर देवाला असतो, नाही तर होणाऱ्या जावयाला. देवाकडे फोन नाही. मी विचार केला की तुमच्या घरी रोज कोण येतं, तुझ्या फोनची काच फुटल्याचं सगळ्यांआधी कुणाला कळलं, आणि स्कूटर माझ्या दारात उतरवताना ती नवरीसारखी कुणी उचलली. नविन. ज्याच्या टेम्पोतून हे पत्र येतंय तोच.

तुला अठरा पूर्ण आहेत. कुणाशी बोलावं यावर माझं काही म्हणणं नाही. पण जो माणूस तू गाडीवर आहेस हे ठाऊक असूनही फोन करतो आणि बोलतच राहतो, तो बेजबाबदार आहे, अर्धवट आहे आणि त्याला तुझ्या जिवापेक्षा स्वतःचं बोलणं मोठं वाटतं. हे वाक्य त्याला जसंच्या तसं वाचून दाखव.

त्याचं नाव गुरुवारपर्यंत मला लेखी मिळालं पाहिजे. मिळालं तर स्कूटर त्याच दिवशी निघेल. नाही मिळालं तर ती इथेच राहील, मग पंधरा तारीख येवो नाही तर जावो. मला हे लिहिताना बरं वाटत नाही. पण आज नाव लपवणारी मुलगी उद्या पुन्हा तोच फोन घेईल.

दौलतमामा


(पाकिटाच्या पाठीमागे, बॉलपेनने)

मामा, पट्टी उन्हात सुटली, मी सोडवली नाही. बर्फ होता पुढे, पाकीट मागे. उघडंच होतं तर वाचलं. माझं लग्न आगरला ठरलंय, मुलगी संगिता, तुम्हाला पत्रिका येईल. रियाला मी बहीण मानतो. स्कूटर नवरीसारखी नाही उचलली, आरसा तुटू नये म्हणून हळू उचलली, तुम्हीच फोनवर दहादा सांगितलं होतं. अर्धवट कोण ते मला माहीत आहे पण मी बोलणार नाही, बकुळाकाकीने सांगितलंय. नविन. ९ तारीख.


वरोर
बुधवार, १० डिसेंबर

मामा, नमस्कार.

नविनदादाने तुमचं पत्र दिलं तेव्हा तो हसत होता, आणि आईने वाचलं तेव्हा ती आत जाऊन भांडी घासायला लागली. घासलेलीच.

तुमचं बरोबर आहे. फोन आईने धरला होता. तुम्ही इथे नसताना, नुसत्या कागदावरून ते शोधलंत. दक्षाकाकी समोर उभी होती, तिलाही कळलं नव्हतं.

पण नाव विचारू नका. तुमचं ते वाक्य त्याला वाचून दाखवायची गरज पडणार नाही एवढंच लिहिते. नाव सांगितलं तर एका माणसाला फार वाईट वाटेल. त्याने काळजीनेच केला होता, आई लिहिते ते खरं आहे. आणि फोन घ्यायचा की नाही हे माझ्या हातात होतं. मी आईला म्हणायला हवं होतं, खाली ठेव, नाही तर गाडी तरी थांबवायला हवी होती. तेवढी दोन मिनिटं त्याची नव्हती, माझी होती.

वेळही आईने तुम्हाला चुकीची सांगितली. साडेनऊ नाही. सकाळचे पावणेआठ. काच फुटली तेव्हा फोन तिथेच अडकला, त्यावर अजून ७:४५ दिसतंय.

आणि एक गोष्ट आम्ही दोघींनी लपवली. वलांडीच्या पलीकडे लडक्या आजोबा जाळं सांधत बसले होते. त्यांना ऐकू येत नाही, पाठ आमच्याकडे. चाक थांबलं तिथपासून त्यांच्या पाठीपर्यंत किती अंतर होतं ते मी दुसऱ्या दिवशी आईच्या शिवणाच्या टेपने मोजलं. तुम्ही मोजायला लावलं असतंत म्हणून. पाच फूट दोन इंच. मधला बांबू जाड होता म्हणून. आजोबांना अजून माहीत नाही. बोंबील पडलेले बघून ते म्हणाले, वारा बराच आहे आज. मामा, मला गाडी हवी आहे, पण मी डोळे मिटले की मला ती पाठ दिसते.

गुरुवारपर्यंत नाव मिळालं नाही तर गाडी नाही, हे मला समजलं. वाणगावच्या मुलीचा नंबर मी मैत्रिणीकडून घेऊन ठेवलाय. तिला पुस्तकं देऊन टाकीन.

रिया


झरी नाका
गुरुवार, ११ डिसेंबर

चि. रिया,

तुझं पत्र सकाळी साडेदहाला मिळालं. आता दुपारचे चार वाजलेत. मधल्या वेळात दुकान बंद होतं.

पावणेआठ वाचल्यावर मी माझा फोन उघडला. फोन आपण होऊन सगळं लिहून ठेवतो, मला ते आवडतं, म्हणून मी कधी काही पुसत नाही. गुरुवार, सत्तावीस नोव्हेंबर. सात वाजून त्रेचाळीस मिनिटांनी रियाला. बोलणं दोन मिनिटं सहा सेकंद. त्यानंतर सात सेहेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास आणि बावन्न, चारही वेळा उत्तर नाही.

मी काय बोललो तेही मला आठवतंय. मी विचारलं, कुठे आहेस. तू म्हणालीस, गाडीवर. मी म्हटलं, छान, मग चालू गाडीतच बघून सांग, मी बसवलेला उजवा आरसा थरथरतो का. तू म्हणालीस, मामा थांबून बघू का. आणि मी म्हणालो, थांबलीस तर थरथरेल कसा?

मग तू म्हणालीस, नाही थरथरत. त्यापुढे काही तरी खळखळलं आणि फोन तुटला. मी तुझ्या मामीला म्हटलं, आरसा पक्का बसलाय. मला फार बरं वाटलं होतं. मग पुन्हा पुन्हा फोन केला तो डावा आरसा विचारायला.

ते वाक्य मी सोमवारी लिहिलं ते जसंच्या तसं माझ्याकडे परत आलं आहे. मी ते मोठ्याने वाचलं. बेजबाबदार बरोबर आहे. अर्धवट शब्द तुझ्या मामीच्या मते कमी पडतो. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आरसा पक्का बसलाय म्हटल्यावर तिनेच विचारलं होतं, ती खळखळ कसली? मी तिला म्हणालो होतो, नेटवर्क.

नाव मिळालं. गुरुवारपर्यंत मिळालं. अट अट असते, स्कूटर तुझी.

लडक्याकाकांनी मला जाळं सांधायला शिकवलं होतं. तेव्हा त्यांना ऐकू येत होतं. पाच फूट दोन इंच मी इथे दुकानात खडूने आखून पाहिलं. एका टोकाला उभं राहिलं की दुसऱ्या टोकाला हात टेकवता येईलसं वाटतं. रेघ पुसलेली नाही. मनिषला आज तिच्यावर उभं केलं. जाताना त्याने फोन बंद करून डिकीत टाकला. त्याच्या आईला मी सांगून आलो की तो रस्त्यावर असेल तेव्हा फोन करायचा नाही. ती म्हणाली, मग तो नीट पोचतोय हे कळणार कसं?

आजच निघणार होती, पण आता टेम्पोने नको, रविवारी मी स्वतः स्कूटर चालवत आणतो. झरीहून नऊला निघेन. बोर्डीच्या रस्त्याने तीसच्या वेगात ऐंशी मिनिटं, घोलवडला चहाला वीस मिनिटं, म्हणजे दहा चाळीसला तुमच्या दारात. तोपर्यंत माझा फोन बंद, डिकीत. ताईला सांग, मला फोन करायचा नाही. माझ्या काळजीने तर नाहीच नाही.

सोमवारी मी नाही तर ताईच तुला फोन करेल, हे मला माहीत आहे. तिच्याशी मी रविवारी बोलेन.

मी तुझी माफी मागतो असं लिहिणार होतो. मामाने भाचीची मागायची पद्धत नाही असं मामी म्हणाली. मग तिनेच म्हटलं, पद्धत घाला चुलीत. मागतो.

दौलतमामा


वरोर
मंगळवार, १६ डिसेंबर

मामा, नमस्कार.

चौकशी संपली, तरी हे पत्र लिहिते, कारण रविवारी तुम्ही यायच्या आधी इथे काय झालं ते तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं नाही. आई सांगते त्यात ती शांत बसलेली असते.

नऊ वाजून दहा मिनिटांपर्यंत ती खरंच शांत होती. मग म्हणाली, निघाला का एवढंच विचारते. तुमचा फोन बंद. मग घोलवडला पोचला का एवढंच. बंद. साडेनऊ ते दहा तिने तेरा वेळा लावला. मी म्हटलं, आई, बंदच असणार, त्यांनी लिहून कळवलंय. ती म्हणाली, लिहिणाऱ्याचं काय जातं. दहा वाजता दक्षाकाकी आली आणि म्हणाली, माझ्या मावसभावाचाही असाच बंद लागत होता. त्याचं काय झालं ते तिने सांगितलं नाही, आणि आईनेही विचारलं नाही. सव्वादहाला नविनदादाचा टेम्पो दारात. आई पुढे, मागे दक्षाकाकी, लडक्या आजोबा आणि आणखी पाच जण. आजोबांना वाटत होतं आगरला नविनच्या साखरपुड्याला चाललोय, ते टोपी घालून आले होते.

पुढचं त्यांच्याकडून कळलं. खाडीच्या पुलावर तुम्ही समोरून आलात. सगळा टेम्पो ओरडला. आईने अर्धं अंग बाहेर काढून हाका मारल्या. आणि तुम्ही मान न वळवता, डोळे रस्त्यावर ठेवून, तीसच्या वेगाने निघून गेलात. आई म्हणते, माझा सख्खा भाऊ मला ओळख न देता गेला. पुलावर टेम्पो वळवता येईना म्हणून ते डहाणूपर्यंत जाऊन वळले. तुम्ही दहा चाळीसला दारात, आणि घरी मी एकटी. तुम्ही विचारलंत ताई कुठाय, आणि मी म्हटलं तुम्हाला शोधायला गेलीय, तेव्हा तुम्ही घड्याळाकडे बघितलंत ते मी विसरणार नाही.

जेवण झाल्यावर तुम्ही दोघं ओट्यावर काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. तासभर आईचा आवाज मोठा होता, मग तुमचा.

आता कालचं. सव्वासातला निघाले. फोनची नवीन काच बसवून आणलीय, तो बॅगेत, बॅग डिकीत. आई दारात उभी. तिने विचारलं, किती वेळ लागतो. मी म्हटलं, मामांच्या हिशेबाने चौदा किलोमीटर सहाशे मीटर, तेहेतीस मिनिटं. ती म्हणाली, तेहेतीस. दोनदा म्हणाली.

वलांडीच्या वळणावर मी हळू केलं. आजोबा बसले होते, आता तोंड रस्त्याकडे करून. हात हलवला त्यांनी. मी नाही हलवला. रागावले असतील तर तुम्ही समजवा.

खाडीचा पूल संपता संपता डिकीत फोन वाजायला लागला. सीटखाली थरथर लागते, मामा, तुमच्या आरशापेक्षा जास्त. मला माहीत होतं कुणाचा आहे. हात आपोआप सैल झाला, खरंच सांगते. वाजत राहिला. मग थांबला. मी वाट बघत होते दुसऱ्यांदा वाजायची. एकदा घेतला नाही की आई चारदा लावते, घरातल्या सगळ्यांची तीच रीत आहे, तुमचीही.

दुसऱ्यांदा वाजला नाही.

सात अठ्ठेचाळीसला मी दवाखान्याच्या आवारात गाडी स्टँडवर लावली, किल्ली काढली, हेल्मेट काढलं, आणि आईला फोन केला. पहिली रिंग तिने पुरी वाजू दिली नाही.

मी म्हटलं, "पोचले."

"बरं," आई म्हणाली. "मघाशी लागला तो मी लावला नव्हता. मासळी निवडताना हात लागून दाबला गेला."

"तरी वाटलंच मला."

"ठेव आता. मला मासळीचं बघायचंय."

पण ठेवला तिनेही नाही, मीही नाही. पलीकडे मासळीचा आवाज नव्हता. आठला पाच मिनिटं असताना वाणगावची ती मुलगी समोरच्या घराच्या पायरीवर येऊन माझ्याकडे बघत उभी राहिली, तेव्हा मी फोन ठेवला आणि आत जाऊन सही केली.

तुमची
रिया